रक्कम दुप्पट व्हायला किती महिने?

आपल्या वैशाखरे, मुरबाड, शहापूर भागात पैशांची नड लागते ती भातलावणीच्या तोंडावर, आणि पैसा हातात येतो झोडणीनंतर. मधल्या काळात कर्जावर व्याज चढत राहते. म्हणून आज आम्ही एका हिशेबाबद्दल बोलणार आहोत: कर्ज दुप्पट व्हायला किती महिने लागतात?

समजा, 10,000 रुपये महिना शेकडा 2 ने घेतले. दरमहा 200 रुपये व्याज भरले, तर मुद्दल तेवढेच राहते. व्याज थकले, पण ते मुद्दलात मिळवले नाही, तर 50 महिन्यांनी देणे दुप्पट होते. हे सरळ व्याज.

थकलेले व्याज मुद्दलात मिळवले, की व्याजावरही व्याज लागते. हे चक्रवाढ. इथे रक्कम दर महिन्याला 1.02 ने गुणली जाते. पहिल्या महिन्याला 10,200, दुसऱ्याला 10,404, वर्षाने 12,682, दोन वर्षांनी 16,084.

मग 20,000 कधी? म्हणजे 1.02 चा कितवा घात केला की 2 येतात? एकेक गुणाकार करत बसायला नको. त्यासाठी शाळेच्या गणितातला लॉग, म्हणजे लघुगणक, कामाला येतो. स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी 1614 साली लॉगची कोष्टके छापली. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते. 2 चा लॉग 0.3010 आणि 1.02 चा लॉग 0.0086. दर महिन्याला 0.0086 ची भर पडते आणि गाठायचे आहेत 0.3010. कणगीत किती पायल्या मावतील हे काढतो तसा भागाकार करायचा. उत्तर येते 35 महिने. सरळ व्याजापेक्षा 15 महिने आधी!

बऱ्याच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये, फोन आडवा धरला की लॉगचे बटण दिसते. ते नसेल तर 72 ला दराने भागा. शेकडा 2 ला 36 महिने, 3 ला 24, आणि 5 ला साधारण 14 महिने. उत्तर लॉगच्या अगदी जवळ येते. बचतीलाही हेच लागू. वर्षाला 6 टक्के चक्रवाढीने ठेवलेली रक्कम साधारण 12 वर्षांत दुप्पट होते.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचे नाही. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यातही ही मर्यादा आहे, आणि सावकाराला चक्रवाढ व्याज लावायला मनाई आहे. मात्र बँकांना आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या फायनान्स कंपन्यांना हा कायदा लागू नाही. तिथे सही करण्याआधी आपणच विचारायचे.

विचारायचे प्रश्न तीन. दर महिन्याचा की वर्षाचा? हप्ता चुकला तर व्याज मुद्दलात मिळवणार का? आणि दंड वेगळा लागणार का? उत्तरे कागदावर लिहून घ्या.

येत्या बैठकीत गटाची वही उघडा. आपल्या दराने 72 ला भागा आणि येणारे महिने वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. नवे कर्ज मागणाऱ्या बाईला आधी तो आकडा वाचून दाखवा.