पाणी आलं का?

रमजानच्या पानासाठी लिहायचं म्हटलं की शीरखुर्मा आपोआप पुढे येतो. शेजारच्या काकू, झाकलेली वाटी, दिवाळीला त्याच वाटीतून परत आलेली चकली. हे सगळं आमच्याही घरी होतं आणि त्यात खोटं काही नाही. पण वाटीची देवाणघेवाण ही बऱ्या दिवसांतली गोष्ट. मला सांगायचंय ते वाटी थांबली होती तेव्हाचं.

मी मिरजेची. आमच्या गावाचं नाव निघालं की लोकांना सतारी आठवतात, मीरासाहेबांचा दर्गा आठवतो आणि त्या दर्ग्यात चिरविश्रांती घेणारे अब्दुल करीम खाँसाहेब आठवतात. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, त्यात कोण कोणत्या धर्माचा हे कुणी मोजत नाही. हा अभिमान आम्हीही मिरवतो. पण 2009 चा सप्टेंबरही आमचाच आहे.

त्या वर्षी गणपती आणि रमजान एकत्र आले होते. आमचा महिना निव्वळ चंद्राचा, त्याला अधिक मासाची जोड नाही. म्हणून तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. गणपती मात्र भाद्रपद सोडत नाहीत. त्या वर्षी दोघांची गाठ पडली. मिरवणुकीच्या मार्गावरच्या स्वागत कमानी ही मिरजेची जुनी हौस. त्यातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून वाद पेटला, दगड पडले, संचारबंदी लागली. कोण चुकलं यावर गावात आजही दोन मतं आहेत, आणि ती माझ्या लेखाने मिटायची नाहीत.

आमच्या गल्लीत कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही. पण समोरच्या काकांच्या भाच्याच्या डोक्याला दगड लागून सात टाके पडले होते आणि आमच्या मामूंच्या दुकानाची काच फुटली होती. एवढं पुरेसं होतं. संचारबंदी उठली तरी काकांचं दार आमच्या बाजूने बंदच राहिलं.

अब्बा टपाल खात्यातून निवृत्त झालेले पोस्टमन. फजरची नमाज पढून ते घरी येत, तेव्हा काका नळाला पाइप लावून अंगणात उभे असत. वर्षानुवर्षं तिथे दोघांच्या गप्पा होत. पेन्शन, भाच्याची नोकरी, आणि पाणी. पालिकेचं पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, हा विषय तर कधी जुना व्हायचाच नाही. दंगलीनंतर पहिल्यांदा अब्बा म्हणाले, ‘नमस्कार.’ काकांनी नळ बंद केला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, नुकतीच कॉलेजात शिकवायला लागलेली. माझा संताप व्हायचा. ‘कशाला रोज अपमान करून घेता?’ असं मी एकदा विचारलंच. अब्बा चप्पल काढत म्हणाले, ‘माझं काम टाकायचं. घेणं न घेणं त्यांचं.’ पोस्टमनच तो!

इफ्तारच्या दस्तरखानावर एकदा मी काकांबद्दल काहीतरी तिखट बोलले. अजून अजान झाली नव्हती. अब्बांनी हातातला खजूर खाली ठेवला आणि म्हणाले, ‘दिवसभर उपाशी राहिलीस आणि आता पाच मिनिटांसाठी माणसाचं मांस खातेस?’ सूरह हुजुरातमध्ये पाठीमागे निंदा करणाऱ्याला मेलेल्या भावाचं मांस खाणाऱ्याची उपमा दिली आहे. मी ती सूरह लहानपणी पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला आणि, खरं सांगायचं तर, आवडला नाही.

आमच्यात शिकवण आहे की भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये आणि दोघांतला चांगला तो, जो सलामाने सुरुवात करतो. कुणी मौलवीसाहेब म्हणतील, हे मुसलमान भावाबद्दल आहे. असेलही. अब्बांनी आयुष्यभर सगळ्या पेठांतून टपाल वाटलं होतं, त्यांनी पत्ता थोडा रुंद करून घेतला.

तो एकतर्फी नमस्कार सव्वा वर्ष चालला. मग थंडीतल्या एका सकाळी काका नळाशी उभे होते, नळातून नुसती हवा येत होती. अब्बा ‘नमस्कार’ म्हणून पुढे निघाले, तेव्हा मागून आवाज आला, ‘तुमच्याकडे पाणी आलं का?’

बस, एवढंच. गळाभेट नाही, डोळ्यांत पाणी नाही. 2009 बद्दल ते दोघं पुढेही कधी बोलले नाहीत. बोलायला हवं होतं का? मला अजून ठरवता येत नाही. काही जखमा उघडल्याशिवाय बऱ्या होत नाहीत, हेही मी पाहिलंय. पण अब्बांची मय्यत निघाली तेव्हा काका काठी टेकत कबरस्तानापर्यंत चालत आले होते.

मी उर्दू शिकवते. उर्दूत ‘अदब’ म्हणजे साहित्य आणि ‘अदब’ म्हणजे रीतभातही. त्याचंच अनेकवचन ‘आदाब’. मराठीने यातलं अर्धंच घेतलं, आपण ‘अदबीने’ बोलतो. हे वर्गात सांगत असताना एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, मनात राग असताना आदाब म्हणणं हे ढोंग नाही का?’ प्रश्न चोख होता. मी तिला रोजाबद्दल विचारलं. पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजता तुझ्या मनात काय असतं? ती हसली, म्हणाली, ‘बिर्याणी.’ म्हणजे मन कुठेही असो, हात ताटाकडे जात नाही. मला वाटतं नमस्काराचंही तसंच असावं. मन येईल तेव्हा येईल, तोवर तोंडाने आपली पायरी सोडू नये. तिला हे पूर्ण पटलं नाही. असो.

हे सगळं मला सुचतंय याचं कारण फारसं अभिमानाचं नाही. यंदाच्या सहाव्या रोजाला सहरीच्या वेळी नात्यातल्या ग्रुपवर एक फोटो आला. बाजारातल्या एका कापडदुकानाचा, मालक हिंदू. त्याने म्हणे आपल्या बायकांना काहीतरी घाणेरडं ऐकवलं, तर तिथे पाय ठेवू नका, सगळ्यांना कळवा. मी वाचलं, चिडले आणि दोन चुलतबहिणींना पुढे पाठवलं. मग फजर पढले. त्याच सूरह हुजुरातमध्ये बातमी आली तर आधी शहानिशा करा असं स्पष्ट सांगितलंय, आणि मी ती शिकलेली बाई!

दुपारी कळलं, फोटो भलत्याच गावचा होता, नावसाधर्म्यावरून आमच्या दुकानाला चिकटवलेला. मी ग्रुपवर तसं लिहिलं. कुणी उत्तर दिलं नाही. एका भावाने फक्त एवढं विचारलं, ‘आपा, तुम्ही नेहमी त्यांचीच बाजू का घेता?’ दोन्ही बहिणींना फोन केला. एकीने तोवर तो फोटो आणखी चार जणींना पाठवला होता. त्या चौघींनी पुढे किती जणींना पाठवला, ते मला मोजता येणार नाही.

संध्याकाळी त्या दुकानात गेले. सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते. मालक उठून म्हणाले, ‘या मॅडम, रोजा असेल ना? पंख्याखाली बसा.’ मी बसले. ओढणीचं कापड घेतलं, गरज नसताना अस्तरही घेतलं. सांगणं काही झालं नाही. ईदची खरेदी करायला पुन्हा जायचं आहे, तेव्हा बघू.

काका आता नव्वदीकडे आहेत. सकाळी अंगणात खुर्चीवर बसतात. मी अब्बांच्या सवयीने ‘नमस्कार, काका’ म्हणते. कधी ओळखतात, कधी नाही. काल बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘पोस्टमनला विचार, पाणी आलं का?’

‘आलंय,’ मी म्हटलं आणि त्यांच्या नळाला पाइप लावून दिला.