चौकात आपोआप बंद होणारे इंजिन : वऱ्हाडातील समज आणि वस्तुस्थिती

अमरावतीच्या इर्विन चौकात किंवा अकोल्याच्या अशोक वाटिका चौकात तांबडा दिवा लागताच, चालकाने किल्लीस हातही न लावता, ज्या गाडीचे इंजिन स्वतःहून बंद होते आणि क्लच दाबताक्षणी पुन्हा चालू होते, त्या गाडीच्या मालकाला आपल्याकडे दोन प्रकारचे सल्लागार हमखास भेटतात. एक म्हणतो की याने पेट्रोल वाचते, ही सोय बंद करणारे बटन कधी दाबू नका. दुसरा म्हणतो की घडोघडी सेल मारून बॅटरी आणि सेल दोन्ही खलास होतील, गाडीत बसल्याबरोबर आधी ते बटन दाबा. दोघेही आपला अभिप्राय निकालाच्या सुरात देतात आणि हिशेब मात्र कोणीच मांडत नाही; वास्तविक ही बाब मुळातच हिशेबाची आहे.

इंजिन पुन्हा चालू करण्यास जितके पेट्रोल लागते तितके ते उभ्या उभ्या मिनिटभर चालू ठेवण्यासही लागत नाही, हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. चोक ओढून आणि दोन-चार वेळा ॲक्सिलरेटर मारून ज्यांनी सकाळच्या गारठ्यात अँबॅसडर चालू केली, त्यांच्या अनुभवात तो खोटाही नव्हता. परंतु आजच्या इंजिनात इंधन किती सोडायचे हे संगणक मोजून ठरवतो, आणि तापलेले इंजिन अर्ध्या सेकंदाच्या आसपास चालू होते. त्या प्रारंभास लागणारे इंधन सुमारे दहा सेकंद उभ्या गाडीत जळणाऱ्या इंधनाहून अधिक नसते, असे या विषयावरील मोजमापांचे सर्वसाधारण अनुमान आहे. बाराशे सीसीचे पेट्रोल इंजिन एसी बंद असताना नुसते उभे राहून तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाळते; म्हणजे एका मिनिटाच्या सिग्नलवर साधारण दहा मिलिलिटर, पैशांत सांगायचे तर एका रुपयाच्या आगेमागे. ही रक्कम क्षुल्लक म्हणून कोणी हसेल, परंतु ती शून्य नाही आणि उणे तर नाहीच, एवढे प्रथम मान्य केले पाहिजे.

ही युक्ती नवी आणि म्हणून अपरीक्षित आहे, असेही बोलले जाते. १९७० च्या दशकाच्या मध्यास जपानमध्ये टोयोटाने क्राउन गाडीवर अशी यंत्रणा बसवली होती, पुढच्या दशकात फियाट आणि फोक्सवॅगन यांनीही तिचा प्रयोग केला, आणि आपल्या खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर तर ती चारचाकीपेक्षा दुचाकीतूनच अधिक पोहोचली : २०१४ मध्ये हीरोने स्प्लेंडर आयस्मार्टवर आय-थ्री-एस या नावाने ती आणली. चारचाकीत २०१५ साली मारुतीने सियाझच्या डिझेल गाडीत ती दिली, तेव्हा विद्युत व हायब्रिड वाहनांसाठीच्या केंद्र शासनाच्या फेम योजनेची सवलतही अशा गाड्यांना मिळत होती. ती सवलत २०१७ मध्ये काढून घेण्यात आली.

सेलच्या झिजेची भीती अधिक विचार करण्याजोगी आहे. साध्या गाडीचा सेल या गाडीत जसाच्या तसा बसवला असता, तर दुसऱ्या सल्लागाराचे म्हणणे खरे ठरले असते. परंतु अशा गाडीचा सेल, त्याचे दाते आणि क्रँकचे बेअरिंग हे सर्व कित्येक पट अधिक प्रारंभ सोसण्यासाठी योजलेले असतात. काही गाड्यांत तर पट्ट्याने फिरणारा एकच यंत्रभाग अल्टरनेटर आणि सेल अशी दोन्ही कामे करतो, त्यामुळे चालू होण्याचा तो परिचित खरखराट ऐकूही येत नाही. शिवाय इंजिनाची खरी झीज होते ती रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या थंड प्रारंभात, जेव्हा ऑइल खाली उतरलेले असते. चौकातल्या अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीत ऑइलचा पापुद्रा जागेवरच असतो, आणि इंजिन पुरेसे तापल्याखेरीज ही यंत्रणा ते मुळी बंदच करीत नाही.

बॅटरीच्या बाबतीत मात्र पहिल्या सल्लागाराचा उत्साह आवरावा लागतो. या गाड्यांना साधी बॅटरी चालत नाही. ईएफबी किंवा एजीएम जातीची, वारंवार उतरणे-चढणे सोसणारी बॅटरी लागते आणि ती महाग असते. त्यात अकोल्याचा उन्हाळा! पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेल्यावर बॉनेटखाली जी उष्णता साठते, तिने बॅटरीतील पाणी उडते, पट्ट्या लवकर गंजतात, आणि थंड मुलखात जी बॅटरी दीर्घकाळ टिकते ती येथे आधी हार मानते. मग मालक किफायतीच्या मोहाने साधी बॅटरी बसवून घेतो, गॅरेजवाला ऋण टोकावरचा प्रभार मोजणारा छोटा सेन्सर नीट जोडत नाही, यंत्रणा बॅटरीचा अंदाज चुकवते किंवा काम करणेच सोडते, आणि दोष ‘आपोआप बंद होण्या’च्या माथी जातो. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचीच बॅटरी घ्यावी आणि सेन्सर जोडलेला आहे की नाही हे गॅरेजमधून निघण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे.

मे महिन्यातील दुपारी राजकमल चौकात ज्याने ही गाडी उभी केली आहे, त्याला पुढील अनुभव सांगावा लागत नाही : टॅकोमीटरचा काटा शून्यावर उतरतो, पंखा वारा देतच राहतो, परंतु एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा असल्यामुळे तो थांबलेला असतो, आणि थोड्याच वेळात तोच वारा कोमट होऊन तोंडावर येऊ लागतो. येथे यंत्रणा बिघडली अशी तक्रार करण्याची वहिवाट आहे. वस्तुतः आतील तपमान वाढताच ती इंजिन स्वतःहून चालू करते, आणि एसी पूर्ण जोरावर असल्यास अनेक गाड्यांत ते बंदच करीत नाही. बॅटरी उतरलेली असेल, ब्रेकच्या बूस्टरमधील निर्वात कमी झाला असेल, सीटचा पट्टा सुटलेला किंवा दार उघडे असेल, तरीही तिचा असाच नकार असतो. या अटी चालकाच्या सोयीच्या व सुरक्षिततेच्या आहेत. पण त्यांचा अर्थ असा की आपल्या कडक उन्हाळ्यात ही सोय बराच काळ रजेवर असते, आणि बचतीचा हिशेब मांडताना तेवढे महिने वजा धरावेत.

बचतीचे जे आकडे छापले जातात, ते का मोठे दिसतात हेही समजून घ्यावे. आपल्याकडे गाडीचे प्रमाणित ॲव्हरेज ज्या चाचणीचक्रावर काढले जात आले, त्याच्या शहरी भागात गाडी पुन्हापुन्हा उभी केली जाते; म्हणून प्रयोगशाळेत ही यंत्रणा उठून दिसते, आणि कारखानदारांना कार्बन उत्सर्जनाची केंद्रीय मर्यादा गाठण्यास तिचा उपयोग होतो. यात लबाडी नाही. मुंबईच्या किंवा पुण्याच्या कोंडीत रोज पाऊण तास खोळंबणाऱ्याला हे आकडे थोडेबहुत प्रत्ययास येतीलही. परंतु वऱ्हाडातील गाडीचा मोठा प्रवास चौकांतून होत नाही. जून २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील लोणी ते अकोला जिल्ह्यातील माना या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर १०५ तास ३३ मिनिटांत पंचाहत्तर किलोमीटरची एक मार्गिका अखंड डांबरून ज्या रस्त्याने गिनेस विक्रम केला, त्या रस्त्याने बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्यास जाणाऱ्याची गाडी टोलनाका सोडला तर थांबते तरी कोठे? त्याला या यंत्रणेपासून लाभ जवळजवळ नाही, हानीही नाही. आणि केवळ तिच्यासाठी जास्त पैसे मोजून वरचे मॉडेल घेण्याचे त्यास काहीच कारण नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्याने, दिवसाला पाच सिग्नलांवर मिनिट-मिनिट थांबतो असे धरले, तर वर्षाकाठी फार तर पंधरा लिटरची अपेक्षा करावी; उन्हाळ्याची वजावट त्यातूनच करायची, म्हणजे महागड्या बॅटरीचा जादा भार कसाबसा भरून निघतो.

एक गैरसमज मात्र जीवघेणा आहे. गाडी स्वतःच इंजिन बंद करते, मग उतारावर आपण बंद केले तर काय बिघडले, असे म्हणून चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना न्यूट्रल करून किल्ली फिरवणारे आहेत. इंजिन बंद झाले की ब्रेकच्या बूस्टरला नवा निर्वात मिळत नाही, दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढली तर ते कुलूपबंदही होते. आणि हे सर्व कशासाठी? गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर आजचे इंजिन उतारावर इंधन पूर्णपणे तोडते. वाचवण्याजोगा थेंबही तेथे उरत नाही.

ज्या ठिकाणी पेट्रोल खरोखर वाया जाते तेथे ही यंत्रणा पाहतही नाही. मंगल कार्यालयाबाहेर, कचेरीच्या आवारात, दवाखान्यासमोर लिंबाच्या सावलीत एसी लावून, पट्टा सोडून चालक अर्धा-पाऊण तास बसलेला असतो; पट्टा सुटलेला म्हणून बहुतेक गाड्या इंजिन बंद करीत नाहीत, आणि एसीसह जळणारे ते अर्धा लिटरच्या घरातले पेट्रोल म्हणजे दहा-बारा दिवसांच्या सिग्नलांची बचत एका लग्नात गेली. एक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो निराळाच. तेथे किल्ली हातानेच फिरवावी लागते. रेल्वे फाटक पडले की आपल्याकडचे जुने ऑटोवाले ती आजही फिरवतात, आणि त्यांना कोणत्याही बटनाची गरज पडलेली नाही.