काटा निघाला नाही, तरी कृपा पुरली



मी नवापूर तालुक्यातल्या मावची कुटुंबातली मुलगी. मला सिकलसेल आहे. 'असे दुखणे असून तू वसतिगृहात मुलींची सेवा कशी करतेस?' असे अनेक जण विचारतात. म्हणून आज थोडे समजावून लिहिते.

आधी आजाराविषयी. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि मऊ असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या व कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, सांधे असह्य दुखतात. अंगातले पाणी कमी झाले, थंडी बाधली, ताप आला किंवा फार दमणूक झाली की दुखणे उठते. हा आजार आईवडिलांकडून येतो. तो शिवल्याने लागत नाही, कुणाच्या करणीने होत नाही आणि तो पापाची शिक्षाही नाही.

हे शेवटचे वाक्य मी फार उशिरा शिकले. सतरा वर्षांची असताना एका प्रार्थनासभेत मला सांगण्यात आले की, माझा विश्वास पुरेसा नाही म्हणून मी बरी होत नाही. विश्वास दाखवायचा म्हणून मी गोळ्या बंद केल्या. त्याच हिवाळ्यात इतके दुखले की मला दवाखान्यात न्यावे लागले, रक्त चढवावे लागले. अंगापेक्षा मन जास्त दुखत होते. देवाने मला टाकले, असे वाटत होते.

तेव्हा आमचे पाळक साहेब खाटेजवळ येऊन बसले. त्यांनी करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय वाचला. पौलाच्या शरीरात काटा होता. तो काढावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले. काटा निघाला नाही. पण तुझा विश्वास थोडा आहे, असे प्रभूने त्याला म्हटले नाही. त्याला कृपेचे वचन मिळाले, आणि दुर्बळपणातच प्रभूचे सामर्थ्य दिसते हे कळले. पाळक साहेबांनी आणखी दाखवले की तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने उपाय सुचवला, त्रफिमाला आजारी असताना मिलेतात ठेवून तो पुढे गेला, आणि त्याचा सोबती लूक हा वैद्य होता. मग औषध घेणे हा अविश्वास कसा?

त्या दिवसापासून माझी प्रार्थना बदलली. बरे करण्याची विनंती मी आजही करते, पण त्याबरोबर आजच्या दिवसापुरते बळही मागते. दुखत असताना लांब प्रार्थना होत नाही. 'प्रभू, सोबत राहा' एवढेच म्हणते. तेही जमले नाही तर मंडळीतल्या बहिणी माझ्यासाठी म्हणतात. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर घेते, पाण्याची बाटली जवळ ठेवते, थंडीत अंग झाकते. हे शरीर देवाने सांभाळायला दिले आहे.

गेल्या वर्षी पाचवीतली एक मुलगी रात्री पाय धरून रडत होती. बाकीच्या मुली म्हणाल्या, ती नाटक करते. मी तिच्याकडे पाहिले आणि ओळखले. तिला पाणी पाजले, पाय उबेत ठेवले, तिच्याबरोबर प्रार्थना केली आणि सकाळ होताच दवाखान्यात नेले. तपासणीत सिकलसेल निघाला. ती म्हणाली, "ताई, तुम्हालाही असेच दुखते?" मी हो म्हटले. तेव्हा ती पहिल्यांदा शांत झाली. माझा काटा कशासाठी राहिला, याचे सगळे उत्तर मला मिळालेले नाही. पण त्या रात्री तो कुणाच्या तरी उपयोगी पडला.

वाचकहो, १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. आपल्या पाड्यावरच्या मुलांची, विशेषतः लग्न ठरण्याआधी तरुणांची, रक्ततपासणी करून घ्या. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर घरी थांबू नका. वाटेत प्रार्थना करा, पण दवाखान्यात जा.

आणि कुणी आजारी असेल तर त्याचा विश्वास मोजू नका, त्याच्याजवळ बसा.

आमच्या मुलींची प्रार्थनेत आठवण ठेवा.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक बहीण