सीटीसीतला कागदी भाग
(नोकरी की स्टार्टअप? : लेखांक ५)

मागच्या लेखांकात स्वतःची कंपनी काढणाऱ्याचा हिशेब मांडला. पण हिंजवडीत किंवा खराडीत आठ-दहा वर्षे आयटीत काढलेल्या बहुतेकांपुढे तो प्रश्न येतच नाही. त्यांच्यापुढे येते ते दुसऱ्या कुणी काढलेल्या, चाळीस-पन्नास माणसांच्या कंपनीचे ऑफर लेटर. समजा, चालू नोकरीत २२ लाख मिळताहेत. नव्या पत्रात ३४ लाखांची सीटीसी लिहिलेली आहे आणि खालच्या तक्त्यात तिची फोड आहे : रोख २० लाख, उरलेले १४ लाख ईसॉपचे. मग घरात धाडस आणि सुरक्षितता यांवर खल सुरू होतो. वडील म्हणतात, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. मित्र म्हणतात, आत्ता नाही तर कधीच नाही. गंमत अशी, की ३४ हा आकडा दोघांनीही खरा धरलेला असतो. माझे म्हणणे, ते १४ लाख शून्य धरावेत. म्हणजे प्रश्न असा उरतो : २२ सोडून २० घ्यायचे का, आणि कशासाठी?

शून्य धरायचे ते ईसॉप फसवे असतात म्हणून नव्हे. ईसॉप म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या किमतीला पुढे कधीतरी शेअर विकत घेण्याचा तो हक्क. हा हक्क देणे आणि तो पक्का होणे यांत कायद्याने किमान एक वर्षाचे अंतर लागते आणि पूर्ण हक्क पदरात पडायला बहुतेक कंपन्यांत चार वर्षे जातात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. खरी मेख पुढे आहे. तुमच्याकडे १०,००० ऑप्शन आहेत, प्रत्येकी १० रुपये भरून शेअर घ्यायचा आहे आणि त्या दिवशी शेअरचे मूल्यांकन ५०० रुपये आहे, असे धरू. तुम्ही एक लाख भरून शेअर घेतले की मधली ४९० रुपयांची तफावत, म्हणजे ४९ लाख, तुमच्या पगारातच धरली जाते आणि तिच्यावर आयकर लागतो. वरच्या टप्प्यातल्या माणसाला तो १५ लाखांच्या वर जातो. शेअर बाजारात नोंदलेला नाही, त्याला गिऱ्हाईक नाही, हातात एक रुपया आलेला नाही; कर मात्र रोख भरायचा. २०२० च्या अर्थसंकल्पाने हा कर काही वर्षे पुढे ढकलण्याची सवलत दिली खरी, पण ती आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र मिळालेल्या स्टार्टअपपुरतीच. सरकारदरबारी नोंदलेल्या दीड लाखांहून अधिक स्टार्टअपपैकी असे प्रमाणपत्र असलेले अगदी थोडे. शिवाय नोकरी सोडली की ती सवलतही संपते. आणि नोकरी सोडताना शेअर घ्यायचेच नाहीत म्हटले, तर पक्के झालेले ऑप्शनही ठरावीक मुदतीनंतर बुडतात. बऱ्याच योजनांत ही मुदत तीन महिन्यांचीच असते.

दुसरी गोष्ट रांगेची. गुंतवणूकदारांकडे साधे शेअर नसतात, प्राधान्य शेअर असतात, आणि कंपनी विकली गेली तर आधी त्यांचे पैसे परत करायचे असा करार असतो. १०० कोटी उभारलेली कंपनी ८० कोटींना विकली गेली तर 'स्टार्टअपची ८० कोटींना विक्री' अशी बातमी छापून येते, पेढेही वाटले जातात. पण ते ८० कोटी गुंतवणूकदारांतच संपतात. कर्मचाऱ्याचे शेअर साधे, त्यामुळे त्याच्या वाट्याला काही येत नाही. मूल्यांकनाच्या बातम्यांनीही हुरळून जाण्यात अर्थ नाही. बायजूजचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होते. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्या २२ अब्जांच्या भरवशावर कुणी फ्लॅटचा हप्ता ठरवला असेल, तर ती निव्वळ बाजारातली तूर होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : मग ते कोट्यधीश झालेले लोक कोण? ते आहेतच, नाकारण्यात अर्थ नाही. चेन्नईतून वाढलेली फ्रेशवर्क्स २०२१ मध्ये नॅस्डॅकवर नोंदली गेली, तेव्हा पाचशेहून अधिक कर्मचारी कोट्यधीश झाल्याचे तिच्या संस्थापकांनीच सांगितले. फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा २०१८ मध्ये वॉलमार्टने घेतला, तेव्हाही अनेकांचे भले झाले. पण त्याला लागलेला काळ बघा. फ्रेशवर्क्सला ११ वर्षे लागली, तर २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेली फर्स्टक्राय शेअर बाजारात आली ती २०२४ मध्ये. तेवढा काळ टिकून राहणारे थोडे. दुसरे असे, की आपल्याला दिसतात त्या पोहोचलेल्या कंपन्या. रॉबर्ट हॉल आणि सुझन वुडवर्ड या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या व्हेंचर कॅपिटल मिळालेल्या कंपन्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत संस्थापकाची सरासरी कमाई ५८ लाख डॉलर निघाली, पण जवळजवळ तीन-चतुर्थांश संस्थापकांच्या हाती शेवटी शून्य आले. म्हणजे सरासरी फुगवली ती मूठभरांनी. हे ज्याच्या नावावर कंपनी आहे आणि ज्याला तिजोरीत किती उरले हे रोज कळते त्याचे. कर्मचाऱ्याचा वाटा त्याच्यापेक्षा कितीतरी लहान, आणि बँक खात्यातली शिल्लक त्याला बहुधा पगार लांबल्यावर कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठ्या कंपनीतली नोकरी तरी कुठे शाश्वत? जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि 'टाटांची नोकरी' या शब्दांतली ऊब गेली. तरीही दोन्हीकडची नोकरी सारख्याच प्रकारे जाते असे नाही. पैसा असलेली कंपनी काढते तेव्हा नोटिशीचा पगार, पाच वर्षे भरली असतील तर ग्रॅच्युइटी, भरलेला पीएफ हे हातात पडते. पैसा संपलेली कंपनी बंद पडते तेव्हा कर्मचारी येणेकऱ्यांच्या यादीतले एक नाव होतो. दिवाळखोरी कायद्यात कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारणी धनकोंच्या बरोबरीची जागा आहे. इतर कर्मचाऱ्यांच्या १२ महिन्यांच्या थकबाकीची जागा त्यांच्या खाली, आणि तिथवर पैसा उरला तर.

मग जायचे कशासाठी? कामासाठी. मोठ्या कंपनीत एका बँकेच्या एका मोड्यूलची देखभाल करण्यात सहा वर्षे जाऊ शकतात. पन्नास माणसांच्या कंपनीत तोच माणूस ग्राहकाशी बोलतो, डिझाइन ठरवतो, रात्री सर्व्हर पडला तर उठतो, आणि पुढच्या मुलाखतीत हे सगळे स्वतःचे म्हणून सांगू शकतो. कंपनी बुडाली तरी ते बुडत नाही. ही मिळकत मला ईसॉपहून खरी वाटते, आणि तिच्यासाठी वर्षाला दोन लाख सोडणे वावगे नाही. आठ-दहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला असेल तर. वय निघून चालले म्हणून मात्र घाई करू नये. अमेरिकेत सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारांत एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचे त्या सुरू करतानाचे सरासरी वय ४५ निघाले होते.

जायचेच ठरले तर पत्रावर सही करण्याआधी चौकशी करावी. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडे शुल्क भरून कंपनीचे वार्षिक ताळेबंद बघता येतात. ते वर्षभर जुने असले तरी दरमहा किती पैसा जळतो याचा अंदाज येतो. तिथे काम करणाऱ्या एखाद्याला पीएफच्या पासबुकात दरमहा रक्कम जमा होते का, हे विचारावे. आणि एचआरला एकच आकडा मागावा : सगळे ऑप्शन धरून कंपनीचे एकूण शेअर किती? ऑफरमधले १०,००० ऑप्शन एकूण दहा लाखांपैकी असतील तर तो एक टक्का, दहा कोटींपैकी असतील तर एक शतांश टक्का. 'ते गोपनीय आहे' असे उत्तर आले तर ईसॉपवर बोलणे थांबवून रोख रक्कम २० वरून किती वर जाते ते विचारावे. ती बोलणी आणि ९० दिवसांचा नोटीस पिरियड यांविषयी पुढच्या लेखांकात.