मनगटावरील यंत्र आणि रुग्णाची निद्रा

चरकाचार्यांनी आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. त्यांपैकी निद्रेची चौकशी आपण आजवर रुग्णाच्या तोंडून करीत आलो. सांप्रत हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतून येणारा रुग्ण नाडीपरीक्षेसाठी हात पुढे करतो, तेव्हा आधी मनगटावरचे घड्याळ काढावे लागते. ते काढता काढता तो मोबाइलवरील आलेख आपल्यासमोर धरतो, "डॉक्टर, काल गाढ झोप फक्त चाळीस मिनिटे!" या आकड्याचे वैद्याने काय करावे, याविषयी व्यवसायबंधूंशी विचारविनिमय करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्र काय मोजते?

घड्याळात हालचाल टिपणारा संवेदक असतो. शिवाय तळाचा हिरवा प्रकाश त्वचेवर टाकून रक्तप्रवाहाच्या चढउतारावरून नाडीची गती मोजली जाते. या दोहोंवरून यंत्र निद्रेचे अनुमान करते. निद्रेच्या अवस्था मात्र मेंदूच्या विद्युतलहरी, नेत्रांची हालचाल व स्नायूंचा ताण यांवरून ठरतात. ते काम पॉलिसोम्नोग्राफीचे. त्यामुळे निश्चल पडून जागा असलेला रुग्णही यंत्राच्या लेखी पुष्कळदा निद्रिस्त ठरतो. एकूण काळ बऱ्यापैकी कळतो. गाढ निद्रेची मिनिटे तितकी विश्वसनीय नसतात. या आकड्यांच्या ध्यासानेच झोप उडण्याच्या प्रकाराला २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' असे नाव दिले.

आमची चूक

एक मध्यमवयीन, स्थूल गृहस्थ दिवसा येणाऱ्या तंद्रेची तक्रार घेऊन आले. घड्याळ रोज सात तास झोप व उत्तम गुण दाखवीत होते. आम्ही त्यावर विसंबलो आणि कफप्राधान्य मानून लंघन व दीपन-पाचन योजिले. महिन्याने त्यांच्या पत्नी सोबत आल्या आणि सहज म्हणाल्या, "घोरता घोरता यांचा श्वासच थांबतो हो!" तपासणीत तीव्र स्वरूपाचा स्लीप ॲप्निआ आढळला. यंत्राच्या गुणांनी आमचा प्रश्नच गिळला होता. २०२४ पासून काही घड्याळे अशा विकाराची सूचना देऊ लागली आहेत. परंतु सूचना म्हणजे निदान नव्हे, आणि सूचना न येणे म्हणजे निरोगित्वही नव्हे.

उपयोग कोठे?

तरीही यंत्र त्याज्य नाही. "अकराला झोपतो" असे सांगणाऱ्या एका संगणक अभियंत्याच्या नोंदीत झोपेची वेळ रोज दीडनंतरची निघाली. अमेरिकेच्या वेळेनुसार चालणाऱ्या बैठका हे त्याचे कारण. तेथे औषधापेक्षा वेळ बदलणे महत्त्वाचे ठरले. वाग्भटाचार्यांनी असात्म्य जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी अनशापोटी झोपावे असे सांगितले आहे. पाळीने काम करणाऱ्या रुग्णाचे जागरण किती झाले, हे ठरविण्यास ही नोंद उपयोगी पडते.

आमचा सध्याचा क्रम असा: दोन आठवड्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा नोंदवून घ्याव्या, गाढ निद्रेचे आकडे बाजूस ठेवावे. नंतर जृंभा, अंगमर्द, तंद्रा, शिरोगौरव, अक्षिगौरव यांविषयी विचारावे. घोरण्याविषयी घरच्या माणसास अवश्य विचारावे, आणि श्वास अडखळत असल्यास रुग्णास विनाविलंब तपासणीस पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. मोबाइलवरील आकडा दाखवून कोणी झोपेचे औषध मागितल्यास ते लगेच काउंटरवर ठेवू नये. सर्पगंधा रक्तदाब उतरविते. ग्राहक आधीच रक्तदाबाची गोळी घेत असेल तर धोका संभवतो. अशा ग्राहकास वैद्याकडे पाठवावे.

यंत्र रात्रीचा काळ मोजते. ती रात्र सुखाची गेली की नाही, हे सकाळी रुग्णच सांगू शकतो. तो प्रश्न विचारण्याचे काम आपलेच आहे.