समुद्रकाठचा मुक्काम : एका बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून

कमठाण्याच्या वाटेवर नंदीनगर येथे जे विद्यापीठ उभे आहे, त्याच्या नावात पशुवैद्यकाबरोबर मत्स्यविज्ञानाचाही समावेश आहे. त्याचे मत्स्य महाविद्यालय मात्र आहे मंगळूरला! समुद्र आपल्यापासून किती दूर आहे, हे सांगण्यास एवढे उदाहरण पुरे. आपल्या भागातील मुलाने पाणी पाहिलेले असते ते विहिरीचे, तलावाचे, फार तर कारंजा धरणाचे. साहजिकच समुद्राची ओढ त्याला विलक्षण असते आणि त्याच्या निमित्ताने आईवडिलांनाही असते. दिवाळी, नाताळ किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की दवाखान्यात लसीकरणासाठी आलेले पालक हमखास विचारतात, "डॉक्टर, आम्ही मालवणला निघालो आहोत. बाळाला घेऊन कुठे उतरावे?" मोबाईलवर दोन-चार खोल्यांची छायाचित्रे दाखवली जातात. त्यांत समुद्र असतो, माड असतात, पांढरीशुभ्र चादर असते. पाणी कुठले, विहिरीला कठडा आहे की नाही, दवाखाना किती दूर, हे छायाचित्रात दिसत नाही.

हा प्रश्न प्रवासी कंपनीला विचारावा, डॉक्टरांना कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु सहलीहून परतलेल्या मुलांचे जुलाब, ताप, त्वचेचे विकार यांचे मूळ पुष्कळदा मुक्कामाच्या जागेतच सापडते. म्हणून आपल्या स्मरणिकेच्या वाचकांसाठी, व्यवसायबंधूंसाठी आणि समाजातील पालकांसाठीही, या विषयावर चार अनुभवाचे शब्द मांडत आहे. उदाहरण मालवणचे घेतले असले, तरी हेच निकष गुहागर, हर्णै, वेंगुर्ले किंवा आपल्या राज्यातील गोकर्ण, मुर्डेश्वर येथेही लागू पडतात.

मालवणची मांडणी

बिदरहून हुमनाबाद, सोलापूर, कोल्हापूर आणि पुढे फोंडा घाट उतरून मालवण सुमारे ६०० किलोमीटर पडते. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि या लहानशा बंदराच्या गावाकडे पर्यटकांची पावले वळली. आज तेथे मुक्कामाचे साधारण चार पर्याय आहेत. पहिला, बाजारपेठ व एस.टी. स्थानकाजवळची लॉजेस. दुसरा, चिवला किनारा, दांडी, वायरी या गावालगतच्या भागांतील घरगुती निवास-न्याहारी. तिसरा, सुमारे ७ किलोमीटरवरील तारकर्ली. येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे आणि खासगी रिसॉर्ट्सही आहेत. चौथा, त्याही पुढचे देवबाग, जेथे एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी असून मधे जमिनीची अरुंद पट्टी आहे. देखावा पाहिला तर देवबाग सर्वांत रमणीय. परंतु दवाखान्यापासून सर्वांत दूर. निवड करताना हे दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवावे लागते.

पाणी : पहिली चौकशी

काही वर्षांपूर्वी आठ महिन्यांचे एक बाळ समुद्रकाठच्या मुक्कामाहून परतल्याबरोबर माझ्याकडे आणण्यात आले. दोन दिवसांचे जुलाब, ताप, चिरके रडणे आणि चिमटीत धरली असता कणकेसारखी लागणारी त्वचा. रक्तातील सोडियम १६२ निघाले. आई सुशिक्षित व दक्ष होती. तिने दुधाची पावडर प्रत्येक वेळी उकळलेल्या पाण्यातच कालवली होती. पाणी मात्र खोलीतील नळाचे, चवीला मचूळ होते. उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही; उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. त्यात जुलाबांनी शरीरातील पाणी गेले. सोडियम एकदम उतरवले तर मेंदूला सूज येते, म्हणून ते ४८ तासांत सावकाश खाली आणावे लागले. बाळ सुखरूप घरी गेले. त्या निवासाचे नाव येथे अप्रस्तुत आहे. तो प्रकार किनाऱ्यावर कोठेही घडू शकतो.

यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. किनाऱ्यालगतच्या वाळूत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. पर्यटक वाढले, उपसा वाढला की एप्रिल-मे महिन्यांत खाली असलेले खारे पाणी विहिरीत शिरते. जांभा दगडही सच्छिद्र. शोषखड्डा विहिरीच्या जवळ असेल तर त्यातील पाणी झिरपण्यास वेळ लागत नाही. म्हणून पिण्याचे पाणी कोठून येते, विहीर शोषखड्ड्यापासून किती लांब आहे, उन्हाळ्यात पाणी मचूळ होते का, हे तीन प्रश्न आरक्षणापूर्वीच विचारावेत. तान्हे मूल असेल तर आईचे दूध हाच सर्वोत्तम उपाय. ते शक्य नसल्यास दूध आणि ओआरएस या दोन्हींसाठी सीलबंद पाणी वापरावे. मचूळ पाण्यात कालवलेले ओआरएस हे औषध राहत नाही.

खोली व तिचे छप्पर

आपल्याकडचा उन्हाळा कडक, पण कोरडा. किनाऱ्यावर तापमान कमी असूनही हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. तान्ह्या मुलास याचा त्रास मोठ्यांपेक्षा लवकर होतो. पत्र्याची किंवा नुसत्या स्लॅबची वरच्या मजल्यावरची खोली रात्री उशिरापर्यंत धगधगत राहते. याउलट मंगलोरी कौलांचे उंच छप्पर, खाली माळा आणि समोरासमोर खिडक्या असलेली जुन्या पद्धतीची खोली पंख्यावरही सुखद राहते. ही कौले आपल्याच राज्यातली; मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली त्यांचा कारखाना काढला आणि पुढे अवघ्या किनारपट्टीने ती स्वीकारली. वातानुकूलन यंत्र असले तरी वीज गेल्यावर काय, हे विचारावेच. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानंतर या किनाऱ्यावरील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. दम्याच्या मुलास नेब्युलायझर लागत असेल, तर इन्व्हर्टरची चौकशी ही चैन ठरत नाही.

विंचवाचे भय

कोकणातील लाल विंचू जांभ्याच्या गडग्यांत, सोडणांच्या ढिगात, सरपणात दडून बसतो. मोठ्यांना होणारी वेदना तीव्र असली तरी जीव जातो तो बहुधा लहान मुलांचा. कारण विषाची मात्रा तीच आणि शरीर लहान. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम चिकाटीने नोंदला आणि १९८०च्या दशकात प्राझोसिनचा उपचार रूढ केला. तीव्र दंशात पूर्वी शेकडा ३०च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे शेकडा १च्या घरात आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण भागातील एका डॉक्टरने, कोणत्याही मोठ्या संस्थेच्या पाठबळाविना केलेले हे कार्य आपल्यासारख्या गावोगावच्या व्यावसायिकांस अभिमानास्पद आहे.

मुक्कामापुरते बोलायचे तर झोपण्यास खाट असावी, ती भिंतीपासून वीतभर दूर सरकवता यावी, अंगणात व शौचालयाच्या वाटेवर दिवा असावा, मच्छरदाणी मिळावी. सकाळी मुलांच्या चपला-बूट झटकूनच घालावेत. दंशानंतर मुलास दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले, तर घरगुती उपायांत एक क्षणही घालवू नये.

समुद्राचे अंतर

"पायरी उतरली की समुद्र" अशी जाहिरात पालकांना मोहवते. एक ते चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ती धोक्याची सूचना आहे. या वयाचे मूल आवाज न करता बुडते आणि त्यास दोन-तीन मिनिटे पुरतात. समुद्रच हवा असेही नाही. परसातील बिनकठड्याची विहीर, उघडी टाकी, रिसॉर्टचा तरणतलाव यांपैकी काहीही पुरेसे असते. अंगणास फाटक असलेले आणि किनाऱ्यापासून पाच-दहा मिनिटे चालत अंतरावर असलेले घर म्हणूनच लहान मुलांच्या कुटुंबास अधिक योग्य.

मोठ्या मुलांचा धोका वेगळा. आपल्याकडील मुले विहिरीत पोहण्यास शिकलेली असतात आणि त्या आत्मविश्वासाने समुद्रात शिरतात. विहिरीचे पाणी स्थिर असते. समुद्राचे पाणी किनाऱ्यावर आदळून परत जाताना अरुंद वाटेने जोरात आत ओढते. ती वाट वरून शांत दिसते, म्हणूनच फसवते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावचे ८ जण गेले. डिसेंबर २०२४ मध्ये मुर्डेश्वर येथे कोलार जिल्ह्यातून सहलीस आलेल्या ४ शाळकरी मुली बुडाल्या. यांतील बहुतेक जण समुद्रापासून दूरच्या गावांतले, आपल्या मुलांसारखेच. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून २ जणांचा मृत्यू झाला. तेव्हा जीवरक्षक जाकीट मुलाच्या मापाचे मिळेल का, हेही यजमानास विचारून ठेवावे.

दवाखान्याची वाट

मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय ओरोस येथे असून २०२१ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. मात्र मालवणहून तेथे पोहोचण्यास पाऊण ते एक तास धरावा. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक कर्नाटकाप्रमाणे महाराष्ट्रातही चालतो. दोन वर्षांखालील मूल, दम्याचे किंवा झटके येणारे मूल, तसेच हृदयविकाराचे आजी-आजोबा सोबत असतील, तर मुक्काम मालवण गावात किंवा वायरीपर्यंतच करावा. तारकर्ली-देवबाग दिवसा पाहून यावे. मुले दहा-बारा वर्षांची व निरोगी असतील, तर तारकर्लीस खुशाल राहावे.

अखेर यजमान

इतके सर्व निकष तपासूनही एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. ती म्हणजे घर चालवणारा माणूस. खोली छायाचित्रात दिसते. यजमान दूरध्वनीवरील पाच मिनिटांच्या संभाषणात कळतो. त्यासाठी तीन प्रश्न सुचवतो.

पहिला प्रश्न, "उद्या भरती किती वाजता?" किनाऱ्यावरील जाणता माणूस याचे उत्तर घड्याळ न पाहता देतो. त्यांचा जुना हिशेब सोपा आहे : चालू तिथीची पाऊणपट केली की स्थूलमानाने भरतीची वेळ मिळते. अष्टमीस सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. ज्या घरात हे ज्ञान आहे, त्या घरातील माणूस आपल्या मुलांना भलत्या वेळी पाण्यात जाऊ देणार नाही.

दुसरा प्रश्न, "आज मासे कोठून आणले?" रापणीवरून किंवा धक्क्यावरील लिलावातून ताजे आणून त्याच दिवशी रांधणारे घर निवडावे. बांगडा, सुरमई यांसारखे मासे बर्फाविना राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होते; ते शिजवूनही नष्ट होत नाही. अंगावर येणारे लाल चट्टे पाहून आपण त्यास माशांची ॲलर्जी समजतो आणि मूल जन्मभर माशांना मुकते.

तिसरा प्रश्न, "तुमच्या समोरच्या किनाऱ्यावर पोहता येते का?" जो यजमान "अगदी निर्धास्त या" म्हणतो, त्याच्याविषयी जरा सावध राहावे. जो म्हणतो, "अमुक खडकापलीकडे जाऊ नका, संध्याकाळी मुलांना एकटे सोडू नका," त्याचे घर कदाचित साधे असेल, भिंतीचा रंग उडालेला असेल. तरीही तेथेच आरक्षण करावे. पर्यटन विभागाची नोंदणी आहे का, हे पाहावे. पण नोंदणीच्या कागदापेक्षा हे उत्तर मला अधिक विश्वासार्ह वाटते.

व्यवसायबंधूंना एक विनंती. सुट्टीपूर्वी आपल्याकडे येणाऱ्या पालकांना औषधांची यादी आपण देतोच. तिच्या मागच्या बाजूस पाणी, छप्पर, खाट, फाटक, दवाखाना आणि यजमान हे सहा शब्दही लिहून द्यावेत. दोन मिनिटांचे काम आहे. आणि पालकांनो, समुद्राकडे अवश्य जा. पठारावर वाढलेल्या मुलाने पहिली लाट पाहताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते कोणत्याही टॉनिकाने येत नाही. "येवा, कोकण आपलोच आसा" असे तेथील लोक मनापासून म्हणतात. त्यांच्या दारी जाताना घरातील सर्वांत लहान जीवाला आधी डोळ्यांसमोर आणा आणि त्याला साजेल तेच घर निवडा. मोठ्यांची सोय त्यात आपोआप होते.