जात्याचा नवा खुंटा

जुन्या वाड्याची वाटणी होते तेव्हा तिजोरी, तराजू आणि वह्या यांची विचारपूस प्रथम होते. जाते मात्र परसात नाहीतर जिन्याखाली पालथे पडलेले आढळते. दगड शाबूत असतो, गेलेला असतो तो केवळ खुंटा. वरच्या तळीच्या काठाजवळील भोकात कुजक्या लाकडाचा बुंधा अडकलेला असतो, आणि एवढ्याच कारणाने पिढ्यान्‌पिढ्यांचे दळण पुरविलेली वस्तू निरुपयोगी ठरून अंगणातील शोभेची होते. वास्तविक एक वीतभर चांगले लाकूड आणि दोन दिवसांचा धीर, एवढ्यावर ती पुन्हा फिरू लागते.

हा केवळ जुन्याच्या हौसेचा प्रश्न नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील दिगंबर कुटुंबांत मुनींच्या आहारासाठी चौका लावताना शोधून घेतलेल्या धान्याचे, घरी हाताने दळलेले पीठ वापरण्याचा परिपाठ आहे. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची मानली जाते. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे कोणते धान्य पडले होते, पाट्यांच्या आत काय साचले आहे, हे दळण टाकणाऱ्याला दिसत नाही. जात्याची वरची तळी मात्र उचलून आत पाहता येते. संघाचा विहार गावाच्या दिशेने वळला की घरोघर जात्याची आठवण होते आणि नेमका त्याच वेळी खुंटा हलतो आहे असे ध्यानात येते.

शास्त्रांनीही जात्याकडे निर्दोष वस्तू म्हणून पाहिलेले नाही. चूल, उखळ, पाण्याचा घडा आणि केरसुणी यांच्या बरोबरीने पेषणी, म्हणजे जाते, हे गृहस्थाच्या घरातील पंचसूनांपैकी एक गणले आहे. म्हणूनच त्याची दुरुस्ती ही यतनेची बाब ठरते. डगमगणाऱ्या खुंट्यामुळे तळी सरळ फिरत नाही, धान्य कुठे भरड तर कुठे नुसते चिरडलेले निघते आणि फटींत पीठ साठून राहते. साठलेल्या पिठात जीवोत्पत्ती होण्यास पावसाळ्याचे चार दिवस पुरतात.

पहिले काम जुना बुंधा काढण्याचे. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि हातोडा चालतो. महाराष्ट्रातील जाती बहुधा काळ्या पाषाणाची असतात. हा दगड कठीण खरा, पण भोक काठाच्या जवळ असल्याने तेथील कड पातळ असते व एका घावात कपरा उडतो. बुंधा जाळून काढण्याचा उपायही नको, कारण एकाच जागी तापलेला दगड तडकू शकतो. गिरमिटाने बुंध्याच्या मध्यभागी दोनतीन छिद्रे पाडावीत आणि उरलेले लाकूड बारीक पटाशीने आतल्या बाजूस सोलीत काढावे. त्याआधी कुजक्या लाकडात वाळवी वा किडे नाहीत ना हे उजेडात पाहून घ्यावे. असतील तर तळी सावलीत काही दिवस उघडी ठेवून त्यांना निघून जाऊ द्यावे. घाईचे कारण नाही.

नव्या खुंट्यासाठी लाकूड कोणते, यावर जुने सुतार बाभळीचे नाव घेतात. बाभूळ चिवट आहे, गाडीच्या चाकांना तीच लागे. परंतु हवामानाप्रमाणे ती सागापेक्षा अधिक आकसते व फुगते. जात्याच्या खुंट्याला कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे हादरे बसत नाहीत, त्याला आकार न बदलणारे लाकूड हवे. त्या दृष्टीने जुना साग उत्तम. व्यापारी घरांत तो विकत आणावाही लागत नाही. पाडलेल्या दुकानाच्या चौकटीचा एखादा तुकडा कोठीत असतोच. कित्येक दशके वाळलेले असे लाकूड वखारीत सहसा मिळत नाही, आणि त्यासाठी उभे झाड तोडावे लागत नाही हा लाभ वेगळाच. तुकड्याचे तंतू उभे व सरळ असावेत, गाठ नसावी, आणि बाहेरचा फिकट भाग टाकून गाभ्याचेच लाकूड घ्यावे, कारण भुंगा प्रथम फिकट भागात शिरतो.

कातारी खुंटा तासून देतो तेव्हा त्याला उंची सांगावी लागते. एकटीने दळायचे तर एक मूठ पुरते. समोरासमोर बसून दोघींनी दळायचे असेल तर दोन मुठी एकावर एक मावतील एवढी लांबी ठेवावी. व्हार्निश नको, त्याचे पापुद्रे पिठात येतात. जवसाचे तेल चोळून, दोन दिवस वाळवून पुन्हा एक हात द्यावा. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. चिंध्या पसरून वाळवाव्यात.

आता बसविण्याचे कौशल्य. खुंटा ठोकून घट्ट बसविला की काम पक्के झाले, हा समज मोठा नुकसानकारक आहे. खाणीत दगड फोडण्यासाठी कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतण्याची रीत होती. लाकूड फुगले की पाषाण दुभंगतो. उन्हाळ्यात ठोकून बसविलेला खुंटा पावसाळ्यात हेच काम करतो. उलट पावसाळ्यात बेतलेला खुंटा चैत्रात खुळखुळतो, आणि मग त्यावर पाणी शिंपडण्याचा उपाय होतो. पाण्याने तो तात्पुरता फुगतो, पण दगड जागा देत नसल्याने तंतू दबतात आणि वाळल्यावर खुंटा पूर्वीपेक्षा सैल होतो. म्हणून खुंटा किंचित बारीक ठेवून त्यावर सुती कापडाची पट्टी गुंडाळावी व हाताच्या जोराने पिळत बसवावा. ऋतूप्रमाणे पट्टीचा एक वेढा कमी-अधिक करता येतो.

चिकटद्रव्य न वापरण्याचे आणखी एक कारण आहे. श्वेतांबर परंपरेत उपासकदशांगात अनर्थदंडविरमण व्रताच्या अतिचारांमध्ये ‘संयुक्ताधिकरण’ सांगितले आहे. उखळाला मुसळ, नांगराला फाळ अशी साधने विनाकारण जोडून सज्ज ठेवणे, असा त्याचा अर्थ. काढता येणारा खुंटा दळणानंतर काढून ठेवणे या व्रताला धरून आहे, शिवाय खुंट्याला धरून तळी उचलण्याची वाईट सवयही त्याने मोडते.

खुंटा बसला तरी गुळगुळीत झालेली तळी दळत नाही, तिला टाकी लावावी लागते. टाकारी समाजाचे नावच या कामावरून पडले आहे. गल्लीतून येणारी त्यांची हाळी शहरांत आता ऐकू येत नाही, पण पाटे-वरवंटे विकणारे पाथरवट विचारल्यास हे काम करून देतात. तळी थोडी उचलायची असल्यास मधल्या खुंटीवर कापडाची चकती घालावी, चामड्याची नको. टाकी लावल्यानंतरची पहिली दोनतीन दळणे भरड कोंड्याची काढावीत. त्यांत दगडाची कच येते, म्हणून ते पीठ गाईगुरांनाही घालू नये. नंतर मऊ कुंचलीने दोन्ही तळ्या झाडून, निवडलेल्या गव्हाची मूठमूठ वैरण घालीत सावकाश दळावे. पीठ चिमटीत धरून पाहावे. कच लागली तर आणखी एक दळण कोंड्याचे.